पिन बसली, म्हणून गाफील राहिलो

लॅपटॉपसाठी जादा टाइप-सी केबल शोधत होतो. एका जाहिरातीत ठळक लिहिलेलं: '१०० वॉट, युरोपीय कायद्याला मान्य'. विक्रेत्याला मेसेज केला. म्हणाला, "सर, सरकारनंच आता पिन ठरवून टाकलीय. नवीन काही निघायचं नाही. तीन घेऊन ठेवा, कायमची कटकट मिटेल." सरकारनं पिन ठरवली की नवं सुचणं थांबतं, हे मीच चारचौघांत सांगत असे. त्यामुळे त्याचं बोलणं गोड लागलं. घेतल्या तीन.

फोन चार्ज होत होता, त्यामुळे कित्येक दिवस कळलंच नाही. मग एकदा लॅपटॉपवर व्हिडिओ एडिट करताना पाहतो तर चार्जिंग चालू आणि बॅटरी ४१ वरून ३६ टक्क्यांवर! चार्जर तर १०० वॉटचा. मध्ये यूएसबी मीटर लावला. २० व्होल्ट, पण करंट ३ अँपिअरच्या वर जाईना. म्हणजे ६० वॉट. फोन कॉम्प्युटरला जोडला तर दिसेचना. शेवटी कटरनं एक केबल सोलली. आत एक लाल तार, एक काळी आणि एक केसासारखी बारीक. डेटाच्या तारांचा पत्ता नाही. ५ अँपिअरच्या केबलला ई-मार्कर चिप लागते, केबल किती करंट पेलते ते चार्जरला सांगणारी. तीही टोकाशी नव्हती. चिप सापडली नाही की चार्जर ३ अँपिअरवरच थांबतो. थांबला ते बरंच झालं म्हणा, त्या तारा पाहता.

मग कायदा वाचला, जो आधी वाचायला हवा होता. चार्जिंगसाठी टाइप-सी पोर्ट सक्तीचा करणारा युरोपीय संघाचा हा निर्देश २०२२ चा. फोन, टॅब्लेट, कॅमेरे वगैरेंना तो २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला. लॅपटॉपसाठी तारीख २८ एप्रिल २०२६. त्याचा रोख उपकरणाच्या पोर्टवर आहे. सुटी केबल किती वॉट पेलते, याचा दाखला तो देत नाही. आणि 'नवीन काही निघायचं नाही' ही तर शुद्ध थाप. याच पोर्टमधून २४० वॉट नेणारं मानक २०२१ मध्येच आलंय, शिवाय तंत्रज्ञान बदललं तर नियम बदलायची सोय निर्देशातच आहे.

केबल हातात आल्या दिवशीच मीटर लावा आणि एखादी फाइल कॉपी करून बघा. मी तोवर परतीची मुदत घालवून बसलो होतो. तक्रार केली, तर उत्तर आलं, "पिन बसते ना, सर?"

उरलेल्या दोन केबलींना चिकटपट्टी लावलीय: 'फक्त फोन'.