ब्रेकच्या पाइपला पाचातले पाच, टोक फुलवायच्या किटला दीड

घेतलेल्या वस्तू दोन. तांबं-निकेलच्या ब्रेक पाइपचं 25 फुटी वेटोळं आणि त्याची टोकं फुलवायचं, म्हणजे नटाच्या जोडात घट्ट बसावीत म्हणून पसरवायचं, साडेनऊशे रुपयांचं किट. वेटोळं डोळे मिटून घ्या. किट मी घेतलं म्हणून तुम्ही घेऊ नका. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण तेच किट त्याच निळ्या डब्यात निदान चार नावांनी विकायला आहे.

गाडी मारुती 800, 2010 ची, एमएच-08. राहतो गुहागरला, सासुरवाडी दापोलीला, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी धोपावे-दाभोळ फेरी. जेटीच्या उतारावर चाकांखाली खारं पाणी असतंच, वर चार महिने पाऊस. घरी आल्यावर गाडी वरून धुतो, खालून कोण धुतंय? पंधरा वर्षं भरली, पासिंग तोंडावर आलं आणि ब्रेक ऑइलची पातळी खुणेच्या खाली गेलेली दिसली. चटई टाकून खाली शिरलो तर मागे जाणारा लांब पाइप क्लिपपाशी ओला. क्लिपमध्ये लाल माती अडकून बसते, ती खारट ओल धरून ठेवते आणि पोलादी पाइप आधी तिथेच सडतो. नखाने खरवडला तर पापुद्रे निघाले. ब्रेकची दोन सर्किटं असतात, एक गेलं तरी दुसऱ्यावर गाडी थांबते, पण लांब जाऊन थांबते. गाडी तिथेच उभी ठेवली.

चिपळूणला तयार पाइप विचारला, पुढचे तुकडे होते, लांब पाइप नव्हता. शृंगारतळीतल्या ओळखीच्या फ्रिजवाल्याने लगेच तांब्याची नळी पुढे केली. "दादा, ही न्या, पैसे राहूं देत." नाही नेली. नुसतं तांबं थरथरीने कडक होत जातं आणि चिरू शकतं. त्यात 10 टक्के निकेल घातलं की ते बरंच टिकाऊ होतं आणि खाऱ्या पाण्यालाही दाद देत नाही. व्होल्वोने 1976 पासून गाड्यांना असेच पाइप लावले. फ्रिजवाल्याचं हत्यारही कामाचं नाही. त्याचं टोक एकेरी फुलतं, ब्रेकला ते आत दुमडून दुहेरी करावं लागतं. टायरमध्ये हवा दोन बार. कचकन ब्रेक मारला की या नळीत शंभर बारच्या आसपास दाब जातो.

आता पाइपबद्दल. बाहेरून 4.75 मिमी, पोलादाच्या मानाने एकदम मऊ. जुना पाइप अख्खा काढून खळ्यात, जिथे सुपारी वाळत घालतो तिथे ठेवला आणि त्याच्या शेजारी नवा हाताने वळवत गेलो. आवळ बाक असेल तिथे मोठ्या सॉकेटभोवती अंगठ्याने दाबला. कुठे चेपला नाही. पोलादी पाइप असा घरी वळवणं मला तरी जमलं नसतं.

किटने मात्र छळलं. पट्टीच्या भोकात नळी धरून पंखानट आवळायचे. हलके आवळले तर नळी मागे सरकते, जोरात आवळले तर मऊ नळीवर दात उमटतात. टोक पसरवणारा किटचा शंकू तिरका उतरतो, टोक एका बाजूला जाड. सात केली, दोन धड झाली. त्यातल्या एकाकडे कौतुकाने बघतोय तर पुतण्या म्हणाला, "काका, नट टेबलावरच आहे." नट आधी ओवायचा असतो. टोक कापून टाकलं.

मग 4200 रुपये घालून व्हाइसमध्ये धरायचं हत्यार मागवलं. ठोकळ्यात नळी बसते, एका डायने (साच्याने) टोक फुगवायचं, दुसऱ्याने आत दुमडायचं. त्याआधी कापलेली कडा कानशीने सरळ करायची, आतली बूर, म्हणजे कापताना उठलेली धार, काढायची, डायवर ब्रेक ऑइलचा थेंब टाकायचा. राहिलेली सगळी टोकं पहिल्या फटक्यात झाली. पहिले साडेनऊशे समुद्रात. माझ्या गाडीला ही दुहेरी दुमड आणि 10 मिमीचे, 1 पिचचे (आट्यांमधलं अंतर 1 मिमी) नट लागतात. बऱ्याच युरोपियन गाड्यांचं टोक बुडबुड्यासारखं असतं आणि नट त्याच मापाचा बसतो, म्हणून जुनं टोक नीट बघूनच हत्यार मागवा.

खोलताना जुने नट गंजून पाइपलाच चिकटलेले होते. साध्या पान्याने एकाचे कोपरे गोल केल्यावर अक्कल आली. पाइप नटालगत करवतीने कापला आणि सहाकोनी सॉकेट लावलं. दोन मिनिटांचं काम.

शेजारच्या काकांनी गाडीखाली लावायला चार चिरे आणून दिले होते. मी जॅक स्टँडच लावले. चिरा भिंतीत वर्षानुवर्षं उभा राहतो, पण एका कोपऱ्यावर भार आला की फुटतो, आणि खाली मी असणार होतो. काका अजून नाराज आहेत.

नळीत शिरलेली हवा काढायला बायको पेडलवर. मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ऑइलला दाब देतो तो) सगळ्यात लांबचं, म्हणजे मागचं डावं चाक आधी. "दाब. धर. सोड." चौथ्या चाकापर्यंत ती म्हणाली, "इतकं ऐकलेलं लग्नातसुद्धा आठवत नाही मला." ऑइल डॉट 3 प्रतीचं, सीलबंद छोट्या बाटल्या. उघडी बाटली आपल्याकडच्या दमट हवेत पाणी ओढते. रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता. मी नाही ओतलं, बोनेटच्या कडेला रुपयाएवढा रंग गेला.

इंजिन चालू ठेवून पेडल पाच मिनिटं जोरात दाबून धरायला लावलं आणि प्रत्येक जोड कोऱ्या कागदाने पुसला. एक ओला आला, तो अजून थोडा आवळल्यावर कोरडा झाला. गाडी आधी गल्लीत चालवली, मग गॅरेजवाल्याला खालून दाखवली, त्यानंतरच मोडकाआगरचा उतार.

यंदाचा पावसाळा काढून परवा पुन्हा खाली शिरलो. पाइप नुसता काळपट तपकिरी पडलाय, पापुद्रा नाही. वेटोळ्यासोबत आलेले नट मात्र आत्ताच तांबूस दिसायला लागलेत. त्यांना ग्रीस फासून ठेवलंय.