नव्या मियाटाचे पहिले ३,००० मैल: रनिंग-इन, हवा आणि न घेतलेले शॉक-अब्झॉर्बर

गाडी घरी आली त्या रात्री नाशिकहून भावाचा व्हिडिओ कॉल आला. फोन गाडीभोवती फिरवून दाखवला, तर त्याचा पहिला प्रश्न, "ताई, मागे पाटी नाही लावलीस?"

पाटी म्हणजे 'रनिंग इन, प्लीज ओव्हरटेक': नव्या इंजिनाचे भाग अजून घासून बसतायत, गाडी जपून चालवतोय, तुम्ही पुढे जा. आमच्या लहानपणी नव्या गाडीच्या मागच्या काचेवर असा कागद चिकटवलेला दिसायचा. अण्णांनी चेतक घेतली तेव्हा पहिलं सर्व्हिसिंग होईपर्यंत तिच्यावर डबल सीट बंद होती, आणि ते ती इतकी हळू चालवायचे की सायकलवाले वळून बघत पुढे जायचे.

मी आता एक्कावन्न वर्षांची, राहते कॅलिफोर्नियात, सनीवेलला. लेक कॉलेजला गेली. तिला बारा वर्षं शाळेत आणि पोहायला पोचवणारी मिनीव्हॅन विकली आणि माझदा एमएक्स-५ मियाटा घेतली. २०२४ चं मॉडेल, त्यातला 'क्लब' हा प्रकार (ट्रिम), सहा गिअरची मॅन्युअल, लाल रंग. सीटा दोनच. "ती सुट्टीला आली की मी कुठे बसायचं?" असं नवऱ्यानं विचारलं. त्याला त्याची गाडी आहे.

आता ३,००० मैल झाले, म्हणजे पावणेपाच हजारांच्या वर किलोमीटर. गाडी कशी आहे ते शंभर ठिकाणी लिहिलेलं आहे. मला सांगायचंय ते पहिल्या हजार मैलांबद्दल, आणि त्या काळात मी काय काय विकत घेणार होते त्याबद्दल.

आधी रनिंग-इन. गाडीबरोबर आलेलं माझदाचं माहितीपुस्तक म्हणतं, खास काही करायची गरज नाही, पण पहिल्या ६०० मैलांत थोडं जपा: इंजिन रेस करू नका, फुल थ्रॉटलवर रेटू नका, एकाच वेगानं फार वेळ चालवू नका, विनाकारण करकचून ब्रेक मारू नका. किती आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) वर जायचं नाही, असा आकडाच नाही. ऑफिसातल्या एकाकडे सुबारू बीआरझेड आहे, त्याच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की पहिले १,००० मैल ४,००० आरपीएमच्या आत. तोच आकडा मी स्वतःला लावून घेतला. माझं इंजिन ७,५०० पर्यंत फिरतं, त्यामुळे अर्धा डायल मला महिनाभर परका होता.

पण हळू चालवणं म्हणजे रनिंग-इन नव्हे, आणि अण्णांचं इथेच चुकत होतं. सिलिंडरच्या भिंतीवर कारखान्यात मुद्दाम जाळीसारखे बारीक ओरखडे काढलेले असतात. त्यांत ऑइल टिकतं आणि पिस्टनच्या रिंगा त्यांवर घासून बसतात. रिंगेला भिंतीवर दाबून धरतो तो आतल्या स्फोटाचा दाब, आणि तो दाब येतो गाडीवर लोड असेल तर. म्हणून चढावर मधल्या आरपीएमला पाय दाबायचा, नंतर पाय काढून उतारावर गाडी गिअरमध्येच येऊ द्यायची. सगळ्यात वाईट म्हणजे हायवेला लागून क्रूझ कंट्रोल लावणं. एकाच वेगानं तासभर. आमच्याकडे घरातून निघून दहा मिनिटांत नेमकं तेच करावं लागतं.

त्यामुळे मी दर रविवारी पहाटे माउंट हॅमिल्टनचा रस्ता धरला. सॅन होजेच्या पूर्वेला अलम रॉक ॲव्हेन्यूवरून फाटा फुटतो आणि वर लिक वेधशाळेपर्यंत जातो, साधारण ४,२०० फुटांवर. हा रस्ता १८७६ चा. वेधशाळेचं सामान घोडे-खेचरांच्या गाड्यांतून वर न्यायचं होतं, म्हणून चढ साडेसहा टक्क्यांच्या आत ठेवला. चढ असा सौम्य ठेवायचा तर वळणं वाढणारच. ३६५ आहेत असं सगळे सांगतात. मी मोजायला गेले आणि पन्नासच्या पुढे नाद सोडला. खेचरांसाठी केलेला रस्ता नव्या इंजिनासाठी असा चपखल बसेल, हे तेव्हा कुणाला वाटलं असेल! दुसरा गिअर, तिसरा, परत दुसरा, कुठेही वेग एकसारखा राहत नाही. मध्ये एखादी गाय कुंपणाशी येऊन बघते. येताना कसारा घाटात शिकलेला नियम: ज्या गिअरमध्ये चढलीस त्याच गिअरमध्ये उतर. ब्रेकचे नवे पॅडही त्यानं हळूहळू बसले, तापून झिलई आली नाही.

या इंजिनाचं वैशिष्ट्य चार हजारांच्या खालीही कळतं. दोन लिटर, टर्बो नाही, कॉम्प्रेशन, म्हणजे आतली हवा दाबायचं प्रमाण, १३:१. पाय हलवला की त्याच क्षणी उत्तर, मागे-पुढे काही नाही. माझदावाले याला 'जिनबा इत्ताई' म्हणतात, घोडा आणि स्वार एक झालेले. आपल्याकडे त्याला साधा शब्द आहे, मांड. मिनीव्हॅनमध्ये मी बारा वर्षं बसले होते. मांड अशी कधी बसलीच नव्हती.

आता तक्रार. पहिल्या आठवड्यात मला ही गाडी आवडली नव्हती.

लॉरेन्स एक्सप्रेसवेवर काँक्रीटचे जोड आहेत. दर जोडावर गाडी टणकन उडायची आणि पाठीत सणक जायची. खड्डा दिसला की मी श्वास धरायची. वळणावर मागचं चाक जागच्या जागी नाचल्यासारखं वाटे. क्लब ट्रिमला बिलस्टीनचे शॉक-अब्झॉर्बर येतात, ते कडक असतात असं वाचलं होतं, म्हणून दोष त्यांच्यावर टाकला. रात्री बसून उंची आणि कडकपणा दोन्ही बदलता येणारा सस्पेन्शनचा सेट शोधला. अठराशे डॉलर, बसवायची मजुरी वेगळी. कार्टमध्ये टाकला. गाडीला तेव्हा २१० मैल झाले होते.

भावाचं सातपूरला छोटं गॅरेज आहे. त्याला मॉडेल नंबर वाचून दाखवत होते, तर मध्येच म्हणाला, "ताई, हवा किती आहे?"

"नवीन गाडी आहे रे. शोरूममधून आलीय."

"म्हणून तर विचारतोय."

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं. त्यावर चारही चाकांना हवेचा दाब २९ पीएसआय लिहिलाय. गेज लावला. पुढचं डावं ४२. उजवं ४२. मागची दोन्ही ४३. कारखान्यातून गाड्या जहाजावर आणि ट्रेलरवर बांधून येतात तेव्हा टायर चपटे होऊ नयेत म्हणून हवा जास्त भरतात. गिऱ्हाइकाला देण्याआधी ती उतरवायची असते. माझ्या डीलरनं दिलेल्या तपासणीच्या कागदावर 'टायर प्रेशर' या ओळीपुढे निळ्या शाईत टिकमार्क आहे आणि खाली सही. तो कागद मी जपून ठेवलाय. डॅशबोर्डचा दिवाही मदतीला आला नाही, कारण तो हवा कमी झाली तर लागतो, जास्त असेल तर गाडी आपली गप्प.

पार्किंगमध्ये उकिडवी बसून काडेपेटीच्या काडीनं व्हॉल्व्ह दाबून हवा सोडली. फुस्स, गेज, फुस्स, गेज. पाऊण तास गेला. मग त्याच रस्त्यानं त्याच जोडांवरून गेले, तर गाडी वेगळीच. अठराशे डॉलरची वस्तू कार्टमधून काढताना संकेतस्थळानं मला "नक्की का?" असं विचारलं.

नवी स्पोर्ट्स कार घेतलेल्या कुणालाही माझा एकच आगाऊ सल्ला: पार्सल मागवायच्या आधी थंड टायरवर हवा बघा. गेज पंधरा डॉलरला मिळतो.

हवा बरोबर केल्यावर मात्र उलटी तक्रार सुरू झाली. गाडी वळणात झुकते, चांगलीच झुकते. पहिल्यांदा मागून बघणारा मित्र म्हणाला, "अगं, होडी आहे का ही?" माझदानं हे मुद्दाम ठेवलंय, वजन कुठे जातंय ते चालवणाऱ्याला कळावं म्हणून. २०२२ पासून आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला हलकासा ब्रेक लावून गाडी खाली दाबून धरायची एक युक्तीही त्यात आहे. लोक पहिल्या महिन्यात गाडी खाली आणणाऱ्या स्प्रिंगा आणि वळणात झुकणं कमी करणारे जाड अँटी-रोल बार बसवतात. मीही पुढचा बार बघून ठेवला होता. मग एका शनिवारी मोठ्या पार्किंगच्या मैदानात शंकू मांडून शर्यत असते तिथे गेले. माझी पहिली फेरी आणि शेवटची फेरी यांत साडेचार सेकंदांचा फरक. शेजारी बसलेल्या प्रशिक्षकानं दिवसभरात एकच वाक्य पाच वेळा ऐकवलं, पुढच्या शंकूकडे नको, त्याच्या पुढच्याकडे बघ. बार बदलला असता तर साडेचारातला किती वाटा त्याचा आणि किती माझा, हे मला कधीच कळलं नसतं. म्हणून बार तूर्त रद्द.

ताकद वाढवायचा मोह मला झाला नाही, आणि कॅलिफोर्नियात तो होऊही नये. इंजिनात हवा जाते त्या भागाला हात लावला की त्या वस्तूला राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो. तो नसेल तर पुढे धूर-तपासणीत नुसत्या नजरेनं गाडी नापास होते. सायलेन्सर बदलता येतो, पण आवाजाला ९५ डेसिबलची मर्यादा आहे. लागुना सेका ट्रॅकवर साध्या दिवशी तर ९० डेसिबलच्या वर गेलात की बाहेर काढतात. आणि मुळात १८१ हॉर्सपॉवर या अकराशे किलोहून हलक्या गाडीला कमी नाहीत. २०१९ आधी १५५ होते आणि इंजिन ६,८०० ला थांबायचं. जे करायचं ते हिरोशिमातल्या माझदाच्या लोकांनी करून झालंय. १,००० मैलांनंतर पहिल्यांदा ७,००० च्या वर नेलं. त्या रात्री जेवताना नवरा म्हणाला, एकटीच का हसतेयस?

ऑइल मात्र मी १,००० मैलांना बदललं. कंपनी सांगत नाही. घरातलं कुणी पटवून घेत नाही. पण निघालेलं ऑइल पांढऱ्या भांड्यात उन्हात धरलं तर त्यात चांदीच्या वर्खासारखी झाक होती, आणि ती बघितल्यावर मला झोप चांगली लागली. झिरो-डब्ल्यू-ट्वेंटी ग्रेडचं ऑइल, सव्वाचार लिटरच्या आसपास, आणि फिल्टर.

ट्रॅकवर न्यायची असेल तर खरा खर्च वेगळाच निघतो: ब्रेकचं चांगलं फ्लुइड आणि रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी सीटांमागची कमान. अशा टप उघडणाऱ्या गाडीला बऱ्याच ठिकाणी रोल बारशिवाय आत घेत नाहीत. विंडशील्डच्या वरच्या कडेपासून बारपर्यंत एक काठी आडवी धरतात. हेल्मेट घातलेलं डोकं तिच्या खाली राहिलं पाहिजे. उंच माणसं इथे नापास होतात. माझी उंची पाच फूट दोन इंच. आयुष्यात पहिल्यांदा तिचा फायदा झाला.

वाईट गोष्टी पटकन सांगते. ग्लव्ह बॉक्स नाही. कप ठेवायची जागा कोपराच्या मागे, चहा घ्यायचा तर खांदा निखळायची पाळी. स्टेपनी नाही, पंक्चरचं औषध आणि पंप दिलाय. डिकी १३० लिटरची, त्यात किराण्याच्या चार पिशव्या बसतात पण तांदळाची मोठी गोण घेतली की पिशव्या मांडीवर. टप बंद असलं तरी हायवेवर ताशी सत्तर मैलांच्या वेगाला भीमसेनजी तारसप्तकात गेले तरच ऐकू येतात. थंड सकाळी दुसरा गिअर कुरकुरतो, दोन मैलांत सुतासारखा सरळ होतो. ॲव्हरेज लिटरला बारा किलोमीटर, माझ्या रविवारांमुळे अकराच धरा. पेट्रोल महागातलंच घालायचं.

आणि सीट. कमरेला पुरेसा आधार नाही, तो वर-खाली करायची सोयही नाही. रेकारो सीटचं पॅकेज होतं, चार हजारांहून जास्त डॉलरचं, त्यात बीबीएसची चाकं आणि ब्रेम्बोचे ब्रेकही येतात. शोरूममध्ये बसून बघितलं. तिच्या उंच कडेवरून उतरताना साडी नेसलेली असती तर काय झालं असतं, हा विचार करून सोडून दिलं. सध्या कमरेमागे आईच्या जुन्या सुती साडीची चौपदरी घडी आहे. अंबाडी रंगाची, काठ विरलेला. तीन तास बसले तरी पाठ बोलत नाही. आतापर्यंत या गाडीत मी केलेली सगळ्यात यशस्वी सुधारणा हीच.

बाकी हिशेब: गेज १५ डॉलर, ऑइल आणि फिल्टर साठाच्या आत, दोन सीटांच्या मध्ये मागे वारा अडवणारी पारदर्शक फळी दीडशे. कंपनीचे ब्रिजस्टोन टायर पकड चांगली देतात, पहिले शे-दीडशे मैल बुळबुळीत वाटले तेवढेच. मागच्या टायरची नक्षी अजून निम्म्याहून जास्त आहे. ती संपेल तेव्हा कडक रबराचे घ्यायचे की मऊ, यावर भावाशी रोज रात्री वाद चालू आहे.