पोलिसांचा बॉडी कॅमेरा: यंत्र पास, वापर काठावर

पूर्वी पोलीस आणि नागरिक यांच्यात वाद झाला की वर्दीचा शब्द बहुधा अखेरचा ठरे. 1991 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये रॉडनी किंग या कृष्णवर्णीय वाहनचालकाला पोलिसांनी केलेली मारहाण एका रहिवाशाने चित्रित केली, तेव्हा त्या शब्दाला पहिला मोठा तडा गेला. आता कॅमेरा थेट वर्दीवरच आहे.

यंत्राबद्दल फार तक्रार नाही. बरीच मॉडेल्स रेकॉर्डिंगचं बटण दाबण्याआधीची साधारण 30 सेकंदही जतन करतात, पण अनेकदा आवाजाविना. म्हणजे शिवी आधी कोणी दिली, हा नेमका वादाचा मुद्दा तसाच राहतो! क्लिप छातीच्या मध्यावर घट्ट हवी. सैल असेल तर धावताना नुसती जमीन दिसते आणि झटापटीत कॅमेरा निखळतो. दोन्ही हातांनी शस्त्र समोर धरलं की लेन्स झाकली जाते. रुंद कोनामुळे समोरचा माणूस प्रत्यक्षापेक्षा लांब भासतो, हे चित्रण तपासणाऱ्याने विसरू नये.

परिणामांचं चित्र संमिश्र आहे. कॅलिफोर्नियातल्या रिअल्टोमध्ये 2012 च्या प्रयोगात तक्रारी आणि बळाचा वापर घटला. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनमध्ये 2,000 हून अधिक पोलिसांवरच्या, 2017 मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासात लक्षणीय फरक दिसला नाही.

आमच्या मते खरेदीआधी मेगापिक्सेल मोजण्यापेक्षा हे ठरवा: बटण कधी दाबायचं, न दाबल्यास कारवाई काय, फाइल कोणी उघडली याची नोंद राहते का, आणि तक्रारदाराला चित्रण किती दिवसांत मिळणार. अधिकाऱ्याला स्वतःची फाइल पुसता येत असेल, तर घेऊच नका.