गोव्याच्या विमानात खिडकी कुठल्या बाजूची घ्यावी? अनेक महिन्यांच्या ये-जा नंतरचा अनुभव

नोकरी मुंबईत आणि घर फोंड्याला, त्यामुळे गेले कित्येक महिने माझं येणं-जाणं विमानानंच चाललंय. खिडकीच्या सीटचे जादा पैसे मी दिवसाच्या प्रवासाला न चुकता भरतो. ते वसूल होतात, फक्त बाजू बरोबर हवी. या मार्गावर बघण्यासारखं सगळं उतरण्याआधीच्या दहा मिनिटांत येतं, म्हणून सीट ठरवायची ती लँडिंगच्या हिशेबानं.

विमान वाऱ्याला सामोरं जात उतरतं. गोव्यात दिवसा वारा बहुधा समुद्रावरून येतो, त्यामुळे दाबोळीला, म्हणजे गोव्याच्या जुन्या विमानतळावर, विमान बहुतेकदा पूर्वेकडून, जमिनीवरून येतं आणि समुद्राकडे तोंड करून टेकतं. एफला, म्हणजे उजव्या खिडकीला बसलात तर जुवारी नदीचं रुंद पात्र, नवा केबलचा पूल, मग मुरगाव बंदरातली जहाजं, पलीकडे दोनापावल. ए वरून, म्हणजे डाव्या खिडकीतून, सासष्टीचा किनारा दिसतो: वेळसांवपासून पार कोलव्याच्या पुढेपर्यंत सलग वाळू आणि तिच्यामागे माड. किनारा बघण्यासाठीच येणाऱ्याने खुशाल ए घ्यावी. मी एफ घेतो ती उन्हामुळे. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेला कललेला असतो. डावीकडे तो डोळ्यांवर येतो आणि काचेवरचा एकेक ओरखडा चमकायला लागतो. उजवीकडचं सगळं मात्र त्याच उन्हात लख्ख दिसतं.

पूर्वेकडून वळसा घेताना कधी कधी खाणपट्टा दिसतो. पायऱ्यापायऱ्यांनी कापलेले लाल डोंगर, तळाशी साचलेलं हिरवट पाणी. माझं आजोळ डिचोलीचं. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा तिथल्या घराघरांत काय झालं ते मी जवळून पाहिलंय, त्यामुळे तिथे माझी नजर हटत नाही. गोवा म्हणजे नुसते बीच नव्हेत, हे खिडकीतून फार स्पष्ट कळतं.

मुंबईला परततानाही एफच. विमान समुद्रावर जाऊन उत्तरेला वळतं, उजवा पंख खाली जातो आणि मुरगावचं टोक, मांडवीचं मुख, आग्वाद ओळीनं समोर येतात. बंगळूरला जाणाऱ्यांना हे लागू नाही, त्यांचं विमान उलट वळतं. दाबोळीचा तळ नौदलाचा आहे, तिथे फोटो काढायला मनाई. मोबाइल खिशातच ठेवा.

गोव्याचा दुसरा विमानतळ मोपा, तो पठारावर, किनाऱ्यापासून आत. उतरताना समुद्र फारसा वाट्याला येत नाही. विमान पश्चिमेकडे तोंड करून उतरत असेल तर उजवीकडे तेरेखोल नदीचं खोरं आणि बांद्याकडचे डोंगर दिसतात. पावसाळ्यात ढग शेवटपर्यंत सोडत नाहीत, पण फाटले की खालचा हिरवा रंग बघत राहावा असा.

रांगेचंही बघा. एअरबस ए३२० मध्ये इमर्जन्सी दरवाजांच्या रांगा पंखावरच येतात: पाय पसरायला ऐसपैस, बघायला नुसता पंख. पंखामागे इंजिनाच्या गरम हवेनं दृश्य थरथरतं, म्हणून मी पुढच्या रांगा पसंत करतो. बोइंग ७३७ मध्ये पंखाच्या जरा पुढे एका रांगेला खिडकीच नसते, कारण तिथून एसीचा पाइप जातो. एकदा अशाच सीटचे विंडो म्हणून माझ्याकडून पैसे घेतले गेले आणि तक्रार करूनही परत मिळाले नाहीत. ७३७ असेल तर आधी सीटचा नकाशा तपासा. एटीआर या पंख्यांच्या छोट्या विमानात पंख डोक्यावर असतो, खालचं मोकळं दिसतं; फक्त मधल्या रांगांना चाकं आड येतात.

रात्रीच्या विमानाला जादा पैसे मी भरत नाही. ट्रॉलरचे दिवे दिसतात खरे, पण जून-जुलैच्या मासेमारी बंदीत तेही नसतात.