कालका–सिमला की मेट्टुपालयम–उटी? वऱ्हाडातून निघणाऱ्यांसाठी

आकोटहून मेळघाटातून खंडव्याकडे जाणाऱ्या मीटरगेज गाडीत जे बसले आहेत, त्यांना डोंगरातल्या रेल्वेचे कौतुक निराळे सांगावे लागत नाही. धूळघाटाजवळ वेटोळे घेत चढणारी ती लाईन बंद झाल्यापासून मात्र अशा प्रवासासाठी लांब जावे लागते, आणि गावात विचारणा होते ती बहुधा दोनच गाड्यांची: कालका–सिमला आणि मेट्टुपालयम–उटी. दोन्ही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. उटीची २००५ पासून, सिमल्याची २००८ पासून.

अंतर पाहून निवड करण्यात फारसा अर्थ नाही, कारण कालक्यासाठी आधी दिल्ली गाठावी लागते आणि मेट्टुपालयमसाठी कोईमतूर, म्हणजे घरून निघाल्यावर बराच काळ गाडीतच जातो. खरा फरक चढण कशी चढली जाते यात आहे. सिमल्याची अरुंद रुळांची लाईन १९०३ साली सुरू झाली. ९६ किलोमीटरमध्ये १०२ बोगदे आणि आठशेंहून अधिक पूल पार करत, डोंगराला वळसे घालत ती सुमारे १,४०० मीटर वर जाते. बडोगचा बोगदा तर १,१०० मीटरहून लांब आहे, आणि त्यातून बाहेर पडताच स्टेशन येते. उटीची गाडी अवघ्या ४६ किलोमीटरमध्ये जवळपास १,९०० मीटर चढते. कल्लार ते कुन्नूर या सुमारे २० किलोमीटरच्या टप्प्यात चढ इतका तीव्र आहे की साधी चाके रुळांवर घसरतील, म्हणून दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसवलेली असून इंजिनाखालचे दातेरी चाक तिच्यात अडकत अडकत वर सरकते. इंजिन मागून ढकलत असल्यामुळे सर्वांत पुढच्या डब्यासमोर केवळ रूळ आणि दरी असते. वाफेच्या इंजिनाला वाटेत पाणी भरण्यासाठी थांबावे लागते आणि तेवढ्या वेळात प्रवासी खाली उतरून पाय मोकळे करतात.

हे थांबे केवळ मौजेचे नाहीत. निलगिरीच्या, म्हणजे उटीच्या गाडीच्या, डब्यांत स्वच्छतागृह नाही आणि मेट्टुपालयमपासून उटीपर्यंतचा चढावाचा प्रवास सुमारे पाच तासांचा आहे, हे आईवडिलांना नेणाऱ्याने आधीच ध्यानात घ्यावे. सिमल्याच्या गाडीलाही पाच तासांहून थोडा अधिक वेळ लागतो, परंतु तिच्या बहुतेक डब्यांत ही सोय असते आणि दिवसात कित्येक गाड्या सुटतात. मेट्टुपालयमहून मात्र सकाळची एकच नियमित गाडी आहे, त्यामुळे तिचे आरक्षण खुले होताच संपून जाते.

हंगामाच्या बाबतीत आपल्या शेतीचे वेळापत्रक उटीच्या बाजूने आहे. ईशान्य मोसमी पावसात, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, दरडी कोसळून निलगिरीची गाडी अनेकदा बंद ठेवावी लागते. त्या दिवसांत आपण तसेही कापूस वेचणीत अडकलेले असतो. फरदड (वेचणीनंतरही तीच झाडे राखून घेतलेले कापसाचे पीक) न ठेवता पऱ्हाटी उपटून मोकळे झालेल्या माणसाला फेब्रुवारी–मार्च मिळतो आणि तेव्हा निलगिरीत आभाळ बहुधा स्वच्छ असते. सिमल्याला त्याच सुमारास कडाक्याची थंडी असते. आपल्या मे महिन्यातल्या उन्हापासून पळून जायचे असेल तर सिमला उत्तम, पण त्या काळात तेथे उभ्या देशाची गर्दी लोटते.

केवळ गाडीसाठी जायचे असेल, तर मी उटीच सुचवीन. बरोबर वयस्कर मंडळी वा लहान मुले असतील आणि ठरलेल्या तारखेला निघणे भाग असेल, तर सिमला अधिक सोयीचे. मेट्टुपालयमचे तिकीट न मिळाल्यामुळे कुन्नूर ते उटी एवढाच टप्पा करून परतणारे पुष्कळ असतात. हा टप्पा देखणा आहे, पण तेथे दातेरी पट्टी नाही आणि इंजिनही डिझेलचे असते. तेवढ्यासाठी कोईमतूरपर्यंत जाण्यापेक्षा कालक्याचे तिकीट काढलेले बरे.