बीगलच्या नावाखाली ४१,९४० रुपये

बीगल जातीचं कुत्र्याचं पिल्लू घ्यायला गेले आणि फसले. किती गेले तो आकडा आधी सांगून टाकते, म्हणजे सोसायटीत जे आडून आडून विचारताहेत त्यांची सोय होईल. ४१,९४० रुपये. बुकिंगचे ५,०००, पिल्लू हातात देताना १७,०००, 'केसीआयच्या पेपर्स'चे, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाच्या जातीच्या दाखल्याचे, ३,५००, गाडीभाड्याचे १,२००. हे २६,७०० पिल्लू विकणाऱ्या माणसाने खाल्ले. वरचे १५,२४० दवाखान्यात गेले. आणि मी पतसंस्थेत हिशेब बघणारी बाई आहे, हेही मीच सांगते. नाहीतरी कुणीतरी खाली लिहिणारच.

दुसरा प्रश्न असतो, 'दुसरं कुत्रं हवंच होतं तर रस्त्यावरचं का नाही आणलं?' अहो, रस्त्यावरचीच आहे घरात. आमची चंपी गावठी आहे, सहा वर्षांची, गटाराजवळून उचलून आणलेली. दिवसभर घरात कुणी नसलं की ती रडते, आणि तिच्या रडण्याच्या तक्रारी खालच्या मजल्यावरून येतात. ट्रेनर म्हणाला सोबत आणा, मादी मोठी असेल तर नर पिल्लू पटकन रुळतं. बीगल हे मूळचं कळपात शिकार करणारं कुत्रं, त्याला दुसऱ्या कुत्र्यांचं वावडं नसतं, आकाराने मध्यम, आणि लेकीला तेच हवं होतं. यात मला अजूनही काही गैर दिसत नाही. दुसरं कुत्रं आणताना काय काय बघायचं ते मी सगळं वाचलं होतं. पहिली भेट घराबाहेर करायची, वाडगे वेगळे ठेवायचे, मोठ्या कुत्रीची झोपायची जागा नव्याला द्यायची नाही. विकणारा माणूस कसा बघायचा हे मात्र कुणी लिहीत नाही.

फोनवरचं बोलणं तुम्हाला माहीतच आहे. 'ताई, घरचीच ब्रीड आहे, आम्ही धंदा करत नाही, दोनच मेल पिल्लं राहिलीत, एक संध्याकाळी जाणार.' बुकिंगचे पैसे पाठवताना यूपीआयवर भलत्याच बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणे मिसेसचं खातं. आमच्याकडेही अर्धी खाती बायकांच्या नावाने आहेत आणि चालवतात नवरेच, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तुम्ही थांबा. नाव जुळत नसेल तर एक रुपयाही पाठवू नका.

रविवार, २७ एप्रिल. त्याने घरी बोलावलं नाही. 'तुम्ही नाशिकहून निघा, मी पुण्याहून निघतो, अर्ध्या वाटेत भेटू, तुमचा त्रास वाचेल.' सिन्नरच्या पुढे हायवेवर एका ढाब्यापाशी पांढरी गाडी. इंजिन चालूच. मागच्या सीटवर भाजीची प्लास्टिकची क्रेट, तिच्यात टॉवेल आणि टॉवेलात पिल्लू. शांपूचा वास येत होता. पोट ढोलकीसारखं टम्म, डोळे अर्धे मिटलेले. 'प्रवासाने दमलंय.' मी आई दाखवा म्हटलं तर त्याने व्हिडिओ दाखवला. भर उन्हात मोबाईलवर काय दिसणार? घरी येऊन बघितला तेव्हा त्यातल्या माणसाच्या अंगात स्वेटर. एप्रिलमध्ये, म्हणे पुण्यात.

पण स्वेटर सोडा. माझ्या जिवाला लागलंय ते लसीचं कार्ड.

ते कार्ड मी हातात घेतलं होतं, उघडलं होतं, वाचलं होतं. जन्मतारीख ६ मार्च. पहिला डोस २५ मार्च, दुसरा १५ एप्रिल. दोन्ही नोंदी एकाच निळ्या पेनने, एकाच तिरप्या अक्षरात, आणि दोन्ही सह्यांची शेपटी एकाच जागी तुटलेली. तीन आठवड्यांच्या अंतराने लिहिलेल्या नोंदी अशा नसतात. एका बैठकीत भरलेली व्हाउचरं मी टेबलापलीकडून ओळखते, त्याबद्दल माणसांना नोटिसा काढल्यात मी. शिवाय ६ मार्च ते २५ मार्च म्हणजे एकोणीस दिवस! पिल्लाला पहिली लस सहा ते आठ आठवड्यांनी देतात. एकोणीस दिवसांचं पिल्लू नीट चालतही नाही, त्याला डोस कोण देईल? ही वजाबाकी पहिली-दुसरीतलं पोर करेल. लसीच्या बाटलीवरचा छोटा स्टिकर, बॅच नंबरचा, कार्डावर चिकटवतात. तो नव्हता. डॉक्टरच्या शिक्क्यात नोंदणी क्रमांक नव्हता, नुसतं 'पशुवैद्यक'. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि त्याच वेळी लेकीच्या मांडीवर ते पिल्लू तिचा अंगठा चोखत होतं, हे म्हणत होते 'ऊन लागतंय, आटप', आणि गाडी चालू ठेवून तो माणूस घड्याळाकडे बघत होता. अशा वेळी मी काय करायला हवं होतं, पिल्लू मांडीवरून काढून परत द्यायचं? घरी बसून सल्ले देणाऱ्यांनी एकदा हे करून दाखवावं.

सोमवारी रात्री उलट्या. मंगळवारी पहाटे रक्ताची शी, आणि ज्यांनी पार्व्हो, म्हणजे पिल्लांचा जीव घेणारा आतड्यांचा विषाणूजन्य आजार, पाहिलाय त्यांना तो वास सांगायला नको. दवाखान्यात ९०० रुपयांची किट टेस्ट, पट्टीवर दोन रेघा. डॉक्टरांनी दात बघून सांगितलं की हे जेमतेम पाच आठवड्यांचं आहे, आईपासून तोडून आणलंय. केसीआयच्या पेपरवर मायक्रोचिपचा, म्हणजे ओळखीसाठी कातडीखाली बसवतात त्या चिपचा, नंबर होता म्हणून त्यांनी स्कॅनर फिरवला. मानेवरून, खांद्यावरून, पार शेपटीपर्यंत. आवाज नाही. मग त्यांनी पेपरवरचा नंबर बोट ठेवून मोजला. चिपचा नंबर पंधरा आकडी असतो, यावर चौदाच होते. चोराने नीट मोजायचेही कष्ट घेतले नव्हते. सलाइन आणि अ‍ॅडमिशनचे ११,३५०, औषधं २,१४०. गुरुवारी पिल्लू गेलं.

लोक म्हणतात, मोठ्या कुत्र्याला आधीच कळतं. काही कळत नाही. आमची चंपी त्याचा वाडगा चाटायला टपलेली असायची, आणि तिची वर्षाची लस लांबलेली होती. ८५० रुपये देऊन तिला लगेच बूस्टर दिला. पुढचे दोन आठवडे तिने एकदा जरी जेवण सोडलं तरी माझ्या पोटात गोळा यायचा. नवं पिल्लू कुठूनही आणा, ओळखीतून आणा नाहीतर फुकट आणा, चौदा दिवस वेगळ्या खोलीत ठेवा आणि घरातल्या कुत्र्याच्या लसी आधी पूर्ण करा. साध्या फिनेलने पार्व्हो जात नाही. ब्लीच पाण्यात मिसळून पुसा, आणि तरी घरात काही महिने दुसरं पिल्लू आणू नका. तो विषाणू फरशीच्या फटीत, कुंड्यांच्या मातीत टिकून राहतो.

त्या माणसाला फोन केला तर त्याचं उत्तर ऐका. 'तुमच्या गावठी कुत्रीमुळे लागलं असेल, ताई.' माझ्या चंपीवर! पार्व्होची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. रविवारी दुपारी आलेलं पिल्लू सोमवारी रात्री ओकत होतं, म्हणजे आजार त्या क्रेटमधूनच आला. हे सांगितल्यावर नंबर ब्लॉक.

आता सरकारी कौतुक. चौकीत गेले तर ठाणे अंमलदार हसला. 'मॅडम, कुत्रं मिळालं ना तुम्हाला? मग फसवणूक कशी? दिवाणी मॅटर आहे, ग्राहक मंचात जा.' खोटी जन्मतारीख, खोटं कार्ड, खोटा दाखला, आणि हे दिवाणी? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मी लिहून नेलं होतं, त्याने कागद उलटा करून खाली चहाचा ग्लास ठेवला. बँकेत सांगितलं, पैसे तुम्हीच पिन टाकून पाठवलेत. बरोबर, पण खातं कुणाचं आहे? 'ते सांगता येत नाही.' मग ग्राहक आयोग. तिथे पाच लाखांपर्यंत फी नाही, आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते, सगळं उत्तम, पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो. पत्ता पोलीस काढू शकतात. पोलीस म्हणतात आयोगात जा.

कुत्र्यांच्या ब्रीडिंगचे २०१७ चे नियम आहेत. ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. नोंदणी झालेल्यांची यादी मागायला एका सरकारी कार्यालयात गेले, तिथून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पुन्हा पहिल्यात. शेवटी एक साहेब म्हणाले, 'आमच्याकडे गाई-म्हशींचं काम असतं.' क्रूरतेचा गुन्हा म्हणावा तर कायदा १९६० चा, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. तेवढ्यात त्या ढाब्यावर दोन चहा येतात.

तुमचे पैसे आत्ताच गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, चौकी नंतर. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येतात. चॅट पुसू नका. दवाखान्यातून वयाचा आणि आजाराचा लेखी दाखला त्याच दिवशी घ्या. मी घेतलाय. आणि पिल्लू घ्यायचंच असेल तर ते जिथे जन्मलं त्या घरी जाऊन आई बघा, स्कॅनरवाल्या डॉक्टरकडे चिप तपासा, मग उरलेले पैसे द्या. आधी मागत असेल तर उठून या.

मागच्या आठवड्यात नणंदेच्या मोबाईलवरून त्याच नंबरवर फोन लावला. आता हस्की आहे, २२,०००, दोनच मेल राहिलेत, मिसेसचं खातं. रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर घालून लेखी तक्रारीसोबत चौकीत नेलं. 'ठेवून जा' म्हणाले. पोच मिळेपर्यंत बाकावरून उठले नाही. पोच मिळाली, शिक्क्यासकट. याच पद्धतीने, हायवेवर, क्रेटमधून ज्यांनी पिल्लू घेतलंय त्यांनी आपापल्या चौकीत लेखी द्या आणि पोचेचा फोटो मला पाठवा. एकटीच्या कागदाला ते दिवाणी म्हणतात, दहा कागद गेले तर काय म्हणतात ते बघायचंय मला.