सीएनजी गाडी झटके देत असेल तर आधी पेट्रोलवर चालवून बघा

सीएनजी गाडीत काहीही बिघडलं की गॅरेजवाल्याला दोष द्यायला एक जागा आयतीच मिळते, ती म्हणजे गॅस किट. आमच्याकडून याच किटच्या नावाखाली साडेएकवीस हजार रुपये उकळले गेले. खरा बिघाड होता थ्रॉटल पोझिशन सेन्सरमध्ये, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप (थ्रॉटल) किती उघडली हे सांगणाऱ्या भागात. हडपसर, फुरसुंगी, सासवड या पट्ट्यात बाहेरून किट बसवून पोटापाण्यासाठी गाडी चालवणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यापर्यंत हे पोचावं म्हणून लिहितोय.

गाडी २०१४ची, केबलच्या थ्रॉटलची, सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असलेल्या) किटची. हलका अ‍ॅक्सिलरेटर दिला की झटका मारायची आणि जास्त दाबला की सुरळीत पळायची. सिग्नलला उभी असताना आरपीएम वरखाली. चेक इंजिनचा दिवा मधूनच लागायचा. दिवे घाटात मागे भरलेला ट्रक असताना पिकअप गेला, तेव्हा गाडीत आई होती. त्याच संध्याकाळी गाडी गॅरेजला लावली.

तिथे बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, पण स्क्रीन आमच्याकडे वळवली नाही. ‘रेड्युसर गेलाय, रेलचे इंजेक्टर चिकटतात. अशीच चालवलीत तर व्हॉल्व्ह जळतील,’ असं सांगितलं. रेड्युसर म्हणजे गॅसचा दाब कमी करणारा भाग, आणि रेल म्हणजे गॅसच्या इंजेक्टरांची पट्टी. पेट्रोलवर चालवून बघू म्हटलं, तर ‘टाकीत पेट्रोल कमी आहे, पंप जळेल’ म्हणून थांबवलं. बिल आलं ते असं: रेड्युसर ९,५००, रेल ७,८००, ट्युनिंग १,५००, मजुरी २,७००. जुने पार्ट मागितले तर म्हणे कंपनीला परत गेले. दिवा विझलेला होता, कारण स्कॅनरने कोड पुसला होता. काही दिवसांत झटके पुन्हा सुरू झाले. परत गेलो तर आता ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा गाडीचा संगणक, बदलायला सांगितला, त्याचे आणखी अठरा हजार.

मग गाडी सासवडच्या एका जुन्या मेकॅनिककडे नेली. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी एकच विचारलं, ‘पेट्रोलवर पण मारते का?’ थोडं पेट्रोल टाकून फेरी मारली. झटका तसाच, त्याच जागी.

इथेच सगळं उलगडलं. सिक्वेन्शियल किटमध्ये इंधन किती वेळ सोडायचं हे गाडीचा मूळ ईसीएमच ठरवतो. किटचा स्वतःचा वेगळा संगणक (ईसीयू) तोच वेळ गॅसच्या हिशोबाने बदलून घेतो. गाडी पेट्रोलवर असताना गॅसचा व्हॉल्व्ह बंद असतो, रेड्युसर आणि रेलचा कामाशी संबंधच उरत नाही. म्हणजे दोन्ही इंधनांवर तोच झटका असेल तर दोष दोन्हींना सामाईक असलेल्या भागात शोधायचा: थ्रॉटल, मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा), ठिणगीची कॉइल, वायरिंग. फक्त गॅसवर झटका असेल तरी लगेच किटवर पैसे घालू नका. गॅस पेटवायला ठिणगी जोरदार लागते, त्यामुळे झिजलेला प्लग आधी गॅसवरच उघडा पडतो.

थ्रॉटल सेन्सरला तीन वायरी: पाच व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. मेकॅनिकनी सॉकेट न काढता मागून पिन सरकवली आणि काट्याचा मीटर लावला. इग्निशन चालू, इंजिन बंद. थ्रॉटल बंद असताना अर्ध्या व्होल्टच्या आसपास. हाताने केबल सावकाश ओढली तसा काटा चढत गेला आणि पाव उघडल्यावर धाडकन शून्यावर आला, मग परत वर. पुन्हा ओढली, पुन्हा तिथेच. सेन्सरच्या आतला ट्रॅक, म्हणजे संपर्काची पट्टी, त्या जागी झिजला होता. पाच व्होल्ट आणि अर्थ नीट येत होते, वायरींचा जुडगा (हार्नेस) हलवूनही फरक पडला नाही, म्हणून वायरिंगवरचा संशय गेला. डिजिटल मीटरवर असा क्षणाचा गचका निसटू शकतो, असं त्यांनी सांगितलं.

सेन्सर आणि मजुरी मिळून सोळाशे रुपये. गाडी आता घाट विनातक्रार चढते.

सर्वात चीड आली ती त्यानंतर. पहिल्या गॅरेजच्या जॉबकार्डावर कोपऱ्यात पेनाने ‘पी ०१२२’ लिहिलेलं होतं. या कोडचा अर्थ थ्रॉटल सेन्सरचा सिग्नल कमी येतोय. म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं! मग रेड्युसरवरचा नंबर किटच्या फिटमेंट सर्टिफिकेटशी ताडून पाहिला. तोच नंबर. जुनाच रेड्युसर घासूनपुसून परत बसवला होता.

केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर सेन्सर थ्रॉटल बॉडीच्या आतच असतो, दोन सिग्नल देतो, आणि बहुधा अख्खी बॉडी बदलावी लागते. खर्च बराच जास्त, म्हणून तिथे तर कोड आणि मीटरचं रीडिंग डोळ्यांनी पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो काढा. जुना पार्ट ताब्यात घ्यायचा हे काम सुरू होण्याआधी जॉबकार्डावर लिहून घ्या, आणि किटच्या भागांचे नंबर आजच टिपून ठेवा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार केली, जॉबकार्ड आणि दोन्ही नंबरांचे फोटो जोडले. गॅरेजवाला आता रेड्युसरचे पैसे द्यायला तयार झालाय, बाकीचे नाही. आम्ही नकार कळवला आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, तिथल्या अर्जाची कागदपत्रं जुळवतोय.